माशाची जखम मिटवताना

जखमेच्या दोन कडा एकमेकींना टेकवून त्या भरून येईपर्यंत तशाच धरून ठेवणे, एवढेच शस्त्रक्रियेच्या अखेरच्या टप्प्याचे काम असते, आणि माणसाच्या बाबतीत टाके, धातूच्या पिना, चिकटपट्ट्या आणि ऊतींना जोडणारा गोंद अशी साधने त्यासाठी हाताशी आहेत. यांपैकी गोंद सर्वांत आकर्षक ठरतो, कारण त्याला सुई लागत नाही, गाठ मारावी लागत नाही आणि काही सेकंदांत काम उरकते. माशांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या शास्त्रज्ञांचे आणि पशुवैद्यांचे लक्ष या गोंदाकडे १९८०च्या दशकातच गेले होते. पाण्याबाहेर काढलेल्या माशाच्या बाबतीत प्रत्येक सेकंद मोलाचा असल्याने वेळ वाचवणारे साधन त्यांना हवेच होते. मात्र जमिनीवरच्या प्राण्याच्या कातडीवर जे सहज साधले ते माशाच्या कातडीवर तितके सहज साधले नाही, आणि ते का साधले नाही याचा शोध घेताना माशाचे शरीर जखम कशी भरून काढते याविषयी बरेच काही उमगत जाते.

माशाच्या पोटाला चीर देण्याची वेळ मुळात का येते, हे आधी पाहायला हवे. शोभेच्या माशांवरील उपचार हे त्याचे एक कारण असले, तरी माशांवरच्या बहुसंख्य शस्त्रक्रिया उपचारासाठी नव्हे, तर माशाचा माग काढण्यासाठी होतात. नदीत किंवा समुद्रात सोडलेला मासा कुठे जातो, किती वेगाने जातो, कुठे मरतो, हे डोळ्यांनी पाहणे शक्य नसते. म्हणून त्याच्या उदरपोकळीत एक लहानसा प्रेषक, म्हणजे ठरावीक अंतराने ध्वनीचे किंवा रेडिओचे संकेत सोडणारे यंत्र, बसवले जाते आणि पाण्यात ठिकठिकाणी ठेवलेले ग्राहक ते संकेत टिपत राहतात. अमेरिकेच्या वायव्य भागातील कोलंबिया नदीच्या खोऱ्यात या तंत्राचा फार मोठा वापर झाला आहे. तिथल्या सामन माशांची पिल्ले डोंगराळ भागातील गोड्या पाण्यात जन्मतात आणि मोठी होण्यासाठी समुद्राकडे निघतात. आयडाहो राज्यातून निघालेल्या पिल्लाला स्नेक आणि कोलंबिया या दोन नद्यांवरील मिळून आठ मोठी धरणे ओलांडावी लागतात. धरणाच्या टर्बाइनमधून, सांडव्यावरून की माशांसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटेने गेल्यास पिल्ले अधिक जगतात, हा तिथे केवळ कुतूहलाचा प्रश्न नसून त्यावर धरणांचे व्यवस्थापन आणि मोठा खर्च अवलंबून असतो. माशावर ध्वनिप्रेषक बसवून त्याचा माग काढण्याचे काम अमेरिकेत १९५६ च्या सुमारास सुरू झाले, आणि १९८७ पासून कोलंबियाच्या खोऱ्यात काचेच्या कुपीतील सूक्ष्म ओळखखुणा माशांच्या शरीरात टोचल्या जाऊ लागल्या. जेमतेम १२ मिलिमीटर लांबीच्या या कुपीत बॅटरी नसते. वाचक यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून मासा गेला की त्या क्षेत्राच्याच ऊर्जेवर ती आपला क्रमांक कळवते.

या साऱ्या संशोधनाचा पाया एका गृहीतावर उभा आहे. प्रेषक बसवलेला मासा हा न बसवलेल्या माशासारखाच वागतो, पोहतो, खातो आणि मरतो, असे त्यात धरलेले असते. त्याची जखम उघडी पडली, चिघळली किंवा तिच्यातून प्रेषकच बाहेर पडला, तर ग्राहकांवर नोंदली जाणारी माहिती नदीची न राहता शस्त्रक्रियेची होऊन बसते. धरणाने मारलेला मासा आणि जखमेने मारलेला मासा यांत यंत्राला फरक करता येत नाही. म्हणूनच जखम कशी बंद करावी, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न या क्षेत्रात निष्कर्षांच्या खरेपणाशी थेट जोडलेला आहे. आणि तो माशाच्या यातनांशीही जोडलेला आहे, कारण २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजेची जाणीव करून देणारे चेतातंतू असल्याचे दाखवून दिल्यानंतर माशाला काही वाटत नाही असे म्हणून हात झटकणे कोणालाही शोभत नाही.

माशाच्या उघड्या जखमेचा धोका रक्तस्रावाइतकाच पाण्याच्या देवघेवीचाही असतो. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक क्षार असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरू पाहते आणि क्षार बाहेर पडू पाहतात. समुद्री हाडांच्या माशांत नेमके उलटे घडते, कारण त्यांच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असते आणि शरीरातील पाणीच बाहेर ओढले जाते. अखंड कातडी आणि तिच्यावरील बुळबुळीत थर हा या देवघेवीला घातलेला बांध आहे. त्याला भगदाड पडले की कल्ले आणि मूत्रपिंडे यांच्यावर जादा काम येऊन पडते, आणि आधीच भूल व हाताळणी यांनी थकलेल्या माशाची शक्ती त्यात खर्च होते. त्याच भगदाडातून सॅप्रोलेग्नियासारखी पाण्यातील बुरशी शिरते आणि कापसाच्या पुंजक्यासारखी दिसणारी तिची वाढ जखमेवर पसरते. तेव्हा जखम जलरोधक असावी ही अपेक्षा माशाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून लागू होते, आणि गोंदाचे आकर्षण इथेच सर्वाधिक वाटते. टाक्यांच्या मधल्या फटी गोंद भरून काढू शकेल, अशी आशा त्यामागे असते.

हा गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट या रसायनकुळातील द्रव. भारतात घराघरांत फेविक्विक या नावाने पोहोचलेला गोंद याच कुळातला आहे. त्याचा इतिहास युद्धाशी निगडित आहे. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅक या कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकांच्या नेम धरण्याच्या साधनांसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना हा पदार्थ त्यांच्या हाती आला, परंतु तो ज्याला लागेल त्याला चिकटून बसत असल्याने निरुपयोगी म्हणून बाजूला टाकला गेला. १९५१ मध्ये टेनेसी राज्यातील त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्रेड जॉयनर यांनी अपवर्तनमापकाच्या दोन लोलकांमध्ये या द्रवाचा थर पसरला आणि ते लोलक पुन्हा वेगळे होईनात, तेव्हा कूव्हर यांना त्याचे मोल कळले आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी त्याचा फवारा वापरला गेला. मात्र घरगुती गोंद आणि वैद्यकीय गोंद यांत एक महत्त्वाचा फरक आहे. रेणूला जोडलेली कार्बनची साखळी आखूड असली, जशी घरगुती गोंदात असते, तर गोंद घट्ट होताना उष्णता अधिक निर्माण होते आणि पुढे त्याचे विघटन झटपट होऊन फॉर्मॅल्डिहाइडसारखी ऊतींना घातक द्रव्ये सुटतात. साखळी लांब असली तर विघटन संथ होते आणि ऊतींना ते सोसवते. म्हणून पशुवैद्यकात चार कार्बनांच्या साखळीचा ब्युटिल प्रकार रूढ झाला, आणि आठ कार्बनांच्या, अधिक लवचिक अशा ऑक्टिल प्रकाराला अमेरिकेत माणसांवरील वापरासाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली. मत्स्यालय बाळगणाऱ्या हौशी मंडळींनी घरातली नळी उचलून माशाच्या जखमेवर पिळणे या कारणासाठी सर्वथा टाळले पाहिजे.

सायनोॲक्रिलेट वाळत नाही, तर पाण्याच्या स्पर्शाने त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबलचक साखळ्या बनतात आणि द्रवाचे प्लॅस्टिक होते. हवेतील किंवा कातडीवरील नाममात्र ओलावाही त्याला पुरतो. हे ऐकल्यावर पाण्यातल्या प्राण्यासाठी याहून चांगला गोंद कोणता असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घोटाळा इथेच आहे. ओलावा नाममात्र असेल तेव्हा गोंद पृष्ठभागावर पसरतो, त्याच्या खाचाखोचांत शिरतो आणि मग घट्ट होतो. पाणी भरपूर असेल तेव्हा पसरण्याआधीच त्याची गोळी होते आणि तो कातडीला न धरता पाण्याच्या पातळ थरावर तरंगत राहतो. शिवाय माशाच्या अंगावर पाण्याबरोबर बुळबुळीत स्रावही असतो, आणि गोंदाने या स्रावाला कितीही घट्ट पकडले तरी स्राव कातडीला घट्ट धरून नसतो. तो सतत झडत असतो आणि नव्याने पाझरत असतो.

खरी अडचण मात्र याच्याही खाली, कातडीच्या रचनेतच आहे. माणसाच्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत, शृंगी पेशींचा असतो. गोंद त्या मृत थराला चिकटतो, त्याची उष्णता आणि त्याचे रसायन तो थर झेलतो, आणि पाच ते दहा दिवसांत तो थर झडला की गोंदाची खपलीही सोबत गळून पडते, तोवर खालची जखम जुळून आलेली असते. माशाच्या बाह्यत्वचेला असे मृत कवच नसते. तिच्या अगदी वरच्या पृष्ठभागावरील पेशीही जिवंत असतात, त्यांच्या मधूनमधून स्राव पाझरणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात, आणि आपण ज्यांना माशाचे बाह्य आवरण समजतो ते खवले प्रत्यक्षात या जिवंत थराच्या खाली, अंतस्त्वचेच्या खोबणींत रुतलेले असतात. तेव्हा माशाच्या अंगावर टाकलेला गोंदाचा थेंब थेट जिवंत पेशींवर घट्ट होतो. त्या पेशी मरतात, त्यांचा पापुद्रा सुटतो, आणि गोंदाचा पातळ पत्रा त्या पापुद्र्यासकट निघून येतो. जखमेची एक बाजू आधी सुटली की उरलेला ताठ पत्रा पोहणाऱ्या माशाच्या प्रत्येक वळणासरशी कातडीला टोचत आणि ओढत राहतो.

याउलट, माशाला त्याच्या मनाप्रमाणे जखम भरू दिली तर तो ती विलक्षण वेगाने झाकतो. माशाच्या बाह्यत्वचेच्या पेशी, ज्यांना शास्त्रज्ञ केरॅटोसाइट म्हणतात, प्राण्यांच्या सर्वांत वेगाने सरकणाऱ्या पेशींपैकी गणल्या जातात. गोल्डफिशचा एक खवला अलगद उचलून काचपट्टीवर पोषक द्रवात ठेवला तर काही तासांतच त्याच्या कडेवरून पेशींची चादर काचेवर उतरू लागते. मग त्यातील काही पेशी सुट्या होऊन, पुढची कडा पंख्यासारखी पसरून आणि पेशीकेंद्राचा फुगवटा मागे ठेवून, मिनिटाला १० मायक्रोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने सरळ रेषेत सरपटत जातात. पेशींच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत हा देखावा नेहमीचा आहे. जखमेच्या कडेवर हेच घडते. पेशींची विभागणी सुरू होण्याची वाट न पाहता आजूबाजूच्या पेशी आहेत तशाच सरकत येतात आणि लहान जखमेवर बहुधा एका दिवसाच्या आत पातळ पडदा ओढतात. जमिनीवरच्या प्राण्याच्या जखमेवर खपली धरते. पाण्यात खपली टिकणार नाही, म्हणून माशाच्या शरीराने ही दुसरी वाट धरलेली दिसते. हा पडदा जखमेला जलरोधक करतो, पण बळकट करत नाही. बळ येते ते खालच्या अंतस्त्वचेतील तंतूंच्या दाट थरातून आणि त्याखालच्या स्नायूंतून, आणि ते नव्याने विणले जायला आठवडे लागतात, थंड पाण्यात तर त्याहूनही अधिक.

पेशींची ही धाव आणि गोंद यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, हे इथे ध्यानात येते. गोंद दोन कडांच्या मध्ये उतरला तर तो सरकत येणाऱ्या पेशींच्या वाटेत भिंत बनतो आणि कडा कधीच एकमेकींना भेटत नाहीत. जखम बंद दिसते, पण भरत नाही. गोंद नुसता वरून लावला तर तो नेमका त्या पेशींना मारतो ज्यांनी सरकत जाऊन जखम झाकायची असते.

गोंद वापरायचाच तर तो कसा वापरावा, याची रीत म्हणूनच काटेकोर आहे. आधी माशाला भूल दिली जाते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी ट्रायकेन हे द्रव्य पाण्यात मिसळतात. ते आम्लधर्मी असल्याने खाण्याच्या सोड्याने त्याचे आम्लत्व मारावे लागते, अन्यथा मासा भुलीआधीच तडफडतो. काही ठिकाणी लवंगेच्या तेलातील युजेनॉल वापरतात. माशाचा तोल जाऊन तो कुशीवर कलंडला आणि कल्ल्यांची उघडझाप मंदावली की त्याला ओल्या स्पंजात कापलेल्या खोबणीत उताणा ठेवतात आणि तोंडात घातलेल्या नळीतून भुलीचे सौम्य पाणी कल्ल्यांवरून वाहते ठेवतात. माणसासारखी कातडी साबणाने घासून स्वच्छ करायची नसते, कारण बुळबुळीत थरात जंतूंशी लढणारी द्रव्ये असतात आणि तो थर पुसला की माशाचे पहिले संरक्षणच जाते. पोटाच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या किंचित बाजूला, श्रोणिपरांच्या पुढे, प्रेषक जेमतेम आत जाईल एवढीच चीर घेतात. पाते वर उचलून कापतात, म्हणजे आतड्यांना धक्का लागत नाही. प्रेषक आत सरकवल्यावर कडा चिमट्याने एकमेकींना अचूक टेकवून धरतात, निर्जंतुक बोळ्याने तेवढीच जागा टिपतात आणि बारीक टोकाच्या नळीतून गोंदाची अगदी पातळ रेघ वरून ओढतात. रेघ जाड झाली तर उष्णता वाढते आणि पत्रा तडकतो. एखादा थेंब ओघळून डोळ्यात किंवा कल्ल्यात गेला तर ती इजा दुरुस्त होत नाही. चिमटा किंवा हातमोजाच माशाला चिकटून बसण्याची शक्यताही असते. मग काही सेकंद थांबून माशाला स्वच्छ, हवा खेळत असलेल्या पाण्यात सोडतात आणि तो स्वतः तोल सावरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवतात.

टाक्यांचे दोष न सांगता गोंदाला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. सुईचे प्रत्येक छिद्र ही आणखी एक जखम असते. रेशमासारख्या विणलेल्या धाग्याच्या तंतूंतून पाणी आणि जंतू वातीत तेल चढावे तसे आत ओढले जातात, म्हणून एकसंध गुळगुळीत धागा पसंत केला जातो. माणसाच्या उबदार शरीरात काही आठवड्यांत विरघळणारा धागा थंड पाण्यातील माशाच्या अंगात दीर्घकाळ तसाच राहतो, कारण त्याचे विघटन तापमानावर अवलंबून असते. सुटलेल्या टोकांवर शेवाळ धरते, ती कशात तरी अडकतात आणि टाका कातडी कापत बाहेर येतो. लहान माशाला दोन-तीन टाके घालायला लागणारी मिनिटेही त्याच्या वाट्याच्या ताणात भर घालतात. गोंदाच्या प्रयोगांना चालना मिळाली ती या दोषांमुळे.

१९८८ मध्ये चॅनल कॅटफिश या माशावरील आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ब्लॅक क्रॅपी व ब्लूगिल या अमेरिकी तळ्यांतील माशांवरील अभ्यास मत्स्यविज्ञानाच्या नियतकालिकांत आले. त्यांचे निष्कर्ष एकमुखी नव्हते, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण कॅटफिशला खवलेच नसतात, तर बाकीच्या दोघांच्या अंगावर ते दाट असतात. पाण्याचे तापमान, चिरेची लांबी, गोंदाचा प्रकार आणि लावणाऱ्याचा हात यांपैकी काहीही बदलले की निकाल बदलतो. प्रेषकाचा मुद्दा तर वेगळाच आहे. माशाचे शरीर परक्या वस्तूला स्वस्थ पडू देत नाही. तिच्याभोवती तंतूंची पिशवी विणते आणि अनेकदा ती बाहेर ढकलते, कधी चिरेतून, कधी पोटाच्या अखंड भागातून, तर चॅनल कॅटफिशमध्ये आणि इंद्रधनुषी ट्राउटमध्ये चक्क आतड्यात ओढून घेऊन गुदद्वारावाटे. आतून असा दाब येत असताना पृष्ठभागावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा तग धरेल ही अपेक्षाच फोल आहे. पोटाच्या भिंतीचे सर्व थर एकत्र धरून ठेवण्याचे काम धागा करतो. गोंद फक्त सर्वांत वरचा थर धरतो.

त्यामुळे जाणकारांच्या व्यवहारात गोंदाला जे स्थान मिळाले ते टाक्यांच्या मदतनिसाचे आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील लॉर्ट स्मिथ प्राणी रुग्णालयात २०१४ मध्ये एका दहा वर्षांच्या गोल्डफिशच्या डोक्यावरील गाठ काढली गेली, ती बातमी जगभर गाजली, पण त्या शस्त्रक्रियेतील कौशल्याकडे तितके लक्ष गेले नाही. तीन बादल्यांत तीन प्रकारचे पाणी होते, एकीत भूल चढवण्याचे, दुसरीत ती टिकवण्याचे आणि तिसरीत शुद्धीवर आणण्याचे. दुसऱ्या बादलीतून आलेली नळी माशाच्या तोंडात होती. गाठ मोठी असल्याने रक्तस्राव जिलेटिनच्या स्पंजाने थांबवावा लागला, आणि जखमही मोठी असल्याने तिला आधी टाके घालून मग उरलेला भाग ऊतींच्या गोंदाने बंद करण्यात आला. भार टाक्यांनी पेलायचा आणि फटी गोंदाने मिटवायच्या, ही विभागणी तिथे योग्य रीतीने पाळलेली दिसते. ओळखकुपी टोचल्यानंतर उरणाऱ्या सुईच्या छिद्रावरही गोंदाचा एक थेंब पुरतो, कारण तिथे पेलायला भार नसतोच.

भारताच्या दृष्टीने या विषयात एक मोकळी जागा आहे, आणि ती भरली जाणे अगत्याचे आहे. माशांच्या शस्त्रक्रियेविषयीचे बहुतांश ज्ञान सामन आणि ट्राउट या थंड पाण्यातील माशांवरून आलेले आहे. उबदार पाण्यातील माशांवर असे काम अगदीच झाले नाही असे नाही. भुवनेश्वरच्या मत्स्यपालनविषयक केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने निवड पद्धतीने रोहूचा ‘जयंती’ हा वाण विकसित केला, तेव्हा एकेका माशाची ओळख ठेवण्यासाठी टोचलेल्या कुप्याच वापरल्या गेल्या. शेजारच्या भूतानमध्ये सोनेरी महाशीर माशांना रेडिओप्रेषक बसवून त्यांचा माग काढला गेला आहे. दख्खनच्या नद्यांतील महाशीर, ज्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले आणि ज्याची पैदास लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात अनेक दशके चालू आहे, त्याच्या स्थलांतराचा असाच माग काढायचा झाला तर कोलंबिया नदीवरची कृती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. उन्हाळ्यात पंचवीस-तीस अंशांवर जाणाऱ्या पाण्यात माशाची जखम लवकर भरेल हे खरे, परंतु त्याच उबेत जंतूही झपाट्याने वाढतात, धागा लवकर विघटित होतो आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. शिवाय महाशीरचे खवले इतके मोठे आणि राठ असतात की सुई कुठून घालावी आणि गोंद कशावर लावावा हे नव्याने ठरवावे लागेल. हे प्रयोग इथल्याच माशांवर, इथल्याच पाण्यात आणि माशाच्या वेदनेचा विचार करून व्हायला हवेत.

पाण्याखाली चिकटणे अशक्य नाही, हे समुद्रातील प्राण्यांनी केव्हाच सिद्ध केलेले आहे. गोव्यात आणि तळकोकणात शिनाणे म्हणून आवडीने खाल्ले जाणारे शिंपले खडकाला जे धागे टाकून चिकटून बसतात, ते लाटांच्या माऱ्यातही सुटत नाहीत. त्यांच्याच कुळातील निळ्या शिंपल्यांचा अभ्यास करणारे हर्बर्ट वेट यांनी १९८१ मध्ये दाखवले की त्या चिकट प्रथिनांत डोपा हा एक खास घटक विपुल असतो. तो पृष्ठभागावरील पाण्याचा थर बाजूला सारून थेट पृष्ठभागाला धरू शकतो. सायनोॲक्रिलेटला नेमके हेच जमत नाही. या प्रथिनांवरून स्फूर्ती घेतलेले आणि ओल्या ऊतींना धरणारे गोंद प्रयोगशाळांत तयार झाले आहेत, आणि त्यांचा रोख माणसाच्या शरीरातील ओल्या अवयवांवर असला तरी माशाच्या जखमेसाठीही आशा बाळगायची तर ती याच दिशेने बाळगावी लागेल.

दरम्यान, कोलंबियाच्या खोऱ्यात जखम कशी बंद करावी या प्रश्नाला वेगळ्याच रीतीने बगल दिली गेली. प्रेषकाचे वजन माशाच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक नसावे असा दंडक तिथे बराच काळ वापरात होता, आणि पिल्ले लहान असल्याने प्रेषक लहान करण्याचा दबाव कायम होता. वॉशिंग्टन राज्यातील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने अखेर सूक्ष्म बॅटरीवर चालणारा असा ध्वनिप्रेषक तयार केला, ज्याची लांबी १५ मिलिमीटर, व्यास साडेतीन मिलिमीटरहूनही कमी आणि वजन सुमारे ०.२२ ग्रॅम आहे. तो आत घालायला जेमतेम ३ मिलिमीटरची चीर पुरते, आणि एवढ्या लहान चिरेला टाकाही घालत नाहीत आणि गोंदही लावत नाहीत. ती तशीच उघडी ठेवून पिल्लाला पाण्यात सोडतात, आणि कडेच्या पेशी सरकत येऊन ती झाकून टाकतात.